वाट कोणाची?

महाभारताच्या वनपर्वांत अष्टावक्राची कथा आली आहे. आठ ठिकाणीं वांकड्या अंगाचा हा मुलगा जनक राजाच्या यज्ञमंडपाकडे निघाला, तो दान मागावयास नव्हे, तीर्थास नव्हे, कीं कोणा वैद्याच्या शोधांतहि नव्हे. बंदी नांवाच्या पंडिताशीं त्याला वाद करावयाचा होता. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर तो कामावर निघाला होता. रस्त्यांत त्याची व राजाची गांठ पडते, आणि पहिला प्रश्न उपस्थित होतो तो वेदान्ताचा नव्हे, तर वाट कोणीं कोणास द्यावयाची याचा. अष्टावक्राचें उत्तर थोडक्यांत असें, कीं वाट आंधळ्याची, बहिऱ्याची, स्त्रियांची आणि ओझें वाहणाऱ्याची, त्यानंतर राजाची, मात्र ब्राह्मण समोर आला तर ती त्याची. जनक वाट देतो.

या यादींतील शेवटचें कलम आज कोणी मान्य करणार नाहीं, आणि करूंहि नये. पण आरंभींचीं कलमें विचार करण्याजोगीं आहेत. त्यांत दयेचा शब्द नाहीं. आंधळ्याला वाट द्यावयाची ती त्याची कींव येते म्हणून नव्हे. दोघांपैकीं ज्याला बाजूला होतां येतें त्यानें व्हावें, इतका साधा हिशेब त्यांत आहे. वाट मिळालेल्या आंधळ्यानें थांबून आभार मानावे अशीहि अपेक्षा नाहीं, कारण त्याला त्याचीच वस्तु मिळालेली आहे. मनुस्मृतींतहि अशी एक यादी आहे. त्या ग्रंथाशीं आपलीं भांडणें पुष्कळ आहेत व तीं रास्त आहेत. परंतु वाट कोणाला द्यावी हें सांगतांना मनूनें पहिलें नांव घेतलें आहे तें 'चक्री' याचें, म्हणजे चाकांच्या वाहनांत बसलेल्याचें. रोगी त्याच्या मागून येतो. मनूच्या डोळ्यांपुढें अर्थात् रथ आणि गाडे असणार, पण चाकांच्या खुर्चीवर बसून आयुष्य काढणाऱ्या माझ्या एका मित्राला हें सांगितलें, तेव्हां तो खो खो हंसला व म्हणाला, "मग विमानतळावर मनूलाच नेमा."

हा मित्र चार्टर्ड अकौंटंट आहे. बारा वर्षांपूर्वीं मोटारीच्या अपघातांत त्याच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचें शरीर निकामी झालें. बुद्धि, जीभ आणि आंकड्यांवरचा संशय हीं तिन्हीं होतीं तशींच राहिलीं. कंपन्यांचे हिशेब तपासणें हा व्यवसाय असल्यामुळें महिन्यांतून दोनतीन वेळां तरी त्याला पुण्याहून दिल्ली, बंगळूर, हैदराबाद अशा फेऱ्या कराव्या लागतात. एकदां कांहीं निमित्तानें मी त्याच्याबरोबर दिल्लीस गेलों. विमानाचा प्रवास दोन तासांचा. परंतु त्याच्या तयारीस आदल्या संध्याकाळींच आरंभ झाला, आणि तोहि पाणी पिणें बंद करण्यापासून. विमानांतला शौचकूप इतका अरुंद असतो, कीं चालत्या मनुष्यालाहि अंग चोरून आंत शिरावें लागतें; मग ज्याला उभेंच राहतां येत नाहीं त्यानें काय करावें? त्यानें तहानेलें राहावें. त्या रात्रीं मी त्याच्याकडे जेवलों. आमटीची वाटी त्यानें बाजूला सारली, ती कां, हें मला दुसऱ्या दिवशीं समजलें.

विमानतळावर पोहोंचल्यावर तिकीट पाहणाऱ्या तरुणानें यंत्रांत चार अक्षरें टिपलीं. विमानाच्या धंद्यांत अशा प्रवाशांचे तीन वर्ग आहेत: जिना चढूं शकणारा पण लांब चालूं न शकणारा, जिनाहि न चढूं शकणारा, आणि मुळींच न चालूं शकणारा, माझा मित्र तिसऱ्या वर्गांतला. त्यानंतर रोजचा वाद झाला. त्याची खुर्ची त्याच्या अंगाच्या मापानें केलेली आहे. तिच्यावरची गादी नसेल तर संवेदना नसलेल्या अंगाला तासाभरांत व्रण पडूं शकतो. विमान कंपनीचें म्हणणें, ही खुर्ची आतांच सामानांत द्या आणि आमच्या खुर्चीवर बसा. त्याचें म्हणणें, विमानाच्या दारापर्यंत मी माझ्याच खुर्चीवरून येणार. पंधरा मिनिटांनीं त्याचें म्हणणें मान्य झालें. पुढें तपासणीच्या ठिकाणीं, "जरा उभे राहतां का?" असा प्रश्न आला, त्यानें नाहीं म्हटल्यावर तोच प्रश्न पुन्हां आला. (२०२४ सालीं कोलकात्याच्या विमानतळावर खुर्चीवर बसलेल्या एका तरुणीला असें तीन वेळां उभें राहण्यास सांगितल्याची तिची तक्रार वृत्तपत्रांतून गाजली होती. मला ती तेव्हां अतिशयोक्तीची वाटली होती.) विमानाच्या दाराशीं त्याची खुर्ची खालीं गेली, आणि पाटाहून फारशी रुंद नसलेल्या एका खुर्चीला त्याला पट्ट्यांनीं बांधून दोन पोरगेल्या कामगारांनीं आसनापर्यंत नेलें व उचलून बसविलें. उतरतांना सर्व प्रवासी निघून गेले, झाडणारे आले, त्यांचें झाडून झालें, तरी ती अरुंद खुर्ची आली नाहीं. बैठक अकराची होती. दारांतून आम्ही बाहेर पडलों तेव्हां साडेदहा वाजून गेले होते.

येथें एक गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे, ती ही कीं दिवसभरांत कोणीहि उद्धटपणें वागलें नाहीं. तसें कोणी वागलें असतें तर हा लेख लिहिण्याचें कारणच पडलें नसतें. उद्धटपणाचा निषेध करण्यास तत्त्वविचाराची गरज नसते. सारे गोड बोलत होते. ज्या दोघां पोरांनीं त्याला उचललें त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि एकानें त्याचा सदरा वर सरकला होता तो हलक्या हातानें खालीं ओढून दिला. अशा माणसांविषयीं कोणास आदर वाटणार नाहीं? मी मात्र सहज मोजूं लागलों. घरून निघाल्यापासून बैठकीच्या खोलींत शिरेपर्यंत माझ्या मित्रानें चौदा जणांचे आभार मानले. आणि त्यानंतर त्याला एका मोठ्या कंपनीच्या अधिकाऱ्यांसमोर बसून, तुमच्या गोदामांतला माल कागदावर आहे तेवढा खरोखर आहे कीं नाहीं, हें विचारावयाचें होतें. कंपनीचे मुख्य गृहस्थ स्वतः दारापर्यंत आले, "अशा स्थितींत आपण एवढ्या लांब आलांत," असें म्हणून त्यांनीं त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. परततांना मित्र मला म्हणाला, "सकाळपासून चौदा जणांपुढें मान लववून आलेला मनुष्य पंधराव्याला 'तुझा आंकडा खोटा आहे' असें कोणत्या तोंडानें सांगणार? मीं सांगितलें. पण त्यासाठीं उगाच आवाज चढवावा लागला."

हें ऐकल्यावर आमच्या परिचयाच्या एका वृद्ध प्राध्यापकांनीं आक्षेप घेतला. त्यांचें म्हणणें असें, कीं मनुष्य परस्परांच्या साह्यावांचून एक दिवसहि जगूं शकत नाहीं. मग साह्य घेण्यांत कमीपणा मानणें हा अहंकारच नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. परंतु तो खरा असेल तर सर्वांनाच लागू केला पाहिजे. तीस हजार फुटांवर कोणाचेच पाय उपयोगाचे नसतात. त्या विमानांत आम्ही दीडशेंजण होतों, आणि उडण्याच्या बाबतींत दीडशेंच्या दीडशेंजण पांगळे होतों. आम्हांला कोणीतरी उचलून नेत होतें. जिना होता तो आमच्या पावलांच्या मापाचा, आसनें आमच्या गुडघ्यांच्या मापाचीं, शौचकूप आमच्या उभें राहण्याच्या मापाचा. या साऱ्या साह्याबद्दल आम्हीं कोणाचे आभार मानले नाहींत. तिकिटाचे पैसे दिले आहेत, एवढ्यावर आमचें समाधान होतें. तिकीट त्याचेंहि होतें. फरक इतकाच, कीं आम्हांला मिळालेलें साह्य पत्र्यांत व लोखंडांत आधींच घडवून ठेवलें होतें, म्हणून तें आमच्या ध्यानांतहि आलें नाहीं. त्याला मिळावयाचें साह्य मात्र त्या त्या क्षणीं कोणाच्या तरी मनांत उत्पन्न व्हावें लागत होतें.

आणि मनांत उत्पन्न होणाऱ्या साह्याला घड्याळ नसतें. श्रावणानें आंधळ्या आईबापांना कावडींत बसवून तीर्थें घडविलीं, ही गोष्ट आपण पिढ्यान् पिढ्या मुलांना सांगत आलों. तिच्यांतलें पुण्य सारें वाहणाऱ्याचें आहे. आणि कावडींत बसलेल्यांना कोठें अकरा वाजतां पोहोंचावयाचें नव्हतें. पांगळ्या मनुष्याला देवदर्शनास न्यावें, इस्पितळांत न्यावें, लग्नकार्यास न्यावें, हें आपल्या अंगवळणीं पडलें आहे. तेथें तासभर उशीर झाला तर देव रागावत नाहीं. पण तोच मनुष्य पोट भरावयास, किंवा त्याहून विलक्षण म्हणजे दुसऱ्याच्या हिशेबांतल्या चुका काढावयास निघाला, कीं आपल्या दयेची पंचाईत होते. त्याला आतां गोड शब्द नको असतात. खात्री हवी असते. दया पुष्कळ कांहीं देऊं शकते, पण उद्यां ती याच वेळीं याच ठिकाणीं हजर असेल, एवढें मात्र ती सांगूं शकत नाहीं. सरकारनें हल्लीं 'दिव्यांग' हा शब्द रूढ केला आहे. मित्र म्हणतो, दिव्य कांहीं नको, दार रुंद करा.

नियम नाहींत असें नाहीं. युरोपीय संघाच्या २००६ सालच्या नियमानें अशा प्रवाशाला साह्य देण्याची जबाबदारी विमानतळ चालविणाऱ्यांवर टाकली, व त्याबद्दल त्याच्याकडून वेगळा आकार घेण्यास मनाई केली. परंतु सूचना ४८ तास आधीं द्यावी अशी त्यांत अपेक्षा आहे, आणि आपल्याकडच्या नियमांतहि तीच. उद्यां सकाळीं बैठक आहे असा निरोप ज्याला आज दुपारीं येतो, त्यानें हे ४८ तास कोठून आणावे? सूचना नसली तरी शक्य तें सर्व करावें, असेंहि युरोपचा नियम सांगतो; म्हणजे खात्रीच्या जागीं पुन्हां सद्भाव आलाच. बी.बी.सी.चे बातमीदार फ्रँक गार्डनर यांचें उदाहरण बोलकें आहे. जून २००४ मध्यें रियाध येथें हल्लेखोरांच्या गोळ्यांनीं ते जायबंदी झाले, त्यांचा कॅमेरामन सहकारी मारला गेला. त्यानंतरहि चाकांच्या खुर्चीवरून ते कामासाठीं देशोदेशीं हिंडत राहिले. २०१८ सालीं आणि पुन्हां २०२२ सालीं लंडनच्या हीथ्रो विमानतळावर, सर्व प्रवासी उतरून गेल्यावर, ते रिकाम्या विमानांत अडकून पडले. २०२४ सालीं वॉर्साहून लंडनला येतांना विमानांत अरुंद खुर्चीच ठेवलेली नव्हती. शौचकूपापर्यंत त्यांना जमिनीवरून सरपटत जावें लागलें. विमानांतले सेवक मात्र शक्य तितक्या सौजन्यानें वागले, हेंहि त्यांनींच सांगितलें आहे. मला त्या हकीकतींत सरपटण्याहूनहि हें सौजन्यच अधिक बोचतें. एका सुशिक्षित, सहृदय सेवकवर्गासमोर एक प्रौढ मनुष्य जमिनीवरून सरपटतो, आणि यांत चूक कोणाचीच नसते!

खुर्चीचें तर आणखी चमत्कारिक. माझा मित्र म्हणतो, "पाय खालीं सामानांत टाकून मी वर बसतों." कायद्याची दृष्टिहि नेमकी हीच आहे. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाची नुकसानभरपाई ज्या १९९९ सालच्या मॉन्ट्रियल करारानें ठरते, व ज्यांत भारत २००९ सालीं सामील झाला, त्यांत चाकांची खुर्ची ही पेटीबोचक्यांप्रमाणेंच सामान ठरते. सामानाच्या भरपाईची मर्यादा, २०२४ च्या डिसेंबरअखेरच्या वाढीनंतर, दर प्रवाशामागें आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचीं १५१९ एककें, म्हणजे सुमारें दोन लाख रुपये. आधीं जास्त किंमत जाहीर करून जादा आकार भरला तर गोष्ट वेगळी. विजेवर चालणारी, मापानें केलेली खुर्ची याच्या कितीतरी पट किमतीची असूं शकते. पण प्रश्न किमतीचा नाहींच. पेटी हरवली तर मनुष्य दुसरा सदरा विकत घेतो. खुर्ची मोडली तर तो जेथें आहे तेथेंच राहतो. अमेरिकेंत १९८६ सालापासून या विषयाचा स्वतंत्र कायदा आहे, आणि तेथील मोठ्या विमान कंपन्यांना मोडलेल्या वा हरवलेल्या खुर्च्यांचा आंकडा सरकारला कळवावा लागतो. २०२३ या एका वर्षांत तो अकरा हजारांच्या वर गेला. २०२१ सालीं वॉशिंग्टनहून लॉस एंजेलिसला परतणाऱ्या एका कार्यकर्तीची तीस हजार डॉलरची खुर्ची अशीच मोडली. मोडक्या खुर्चींत तिला तासन् तास बसावें लागलें, जुना व्रण चिघळला, आणि ऑक्टोबर संपतां संपतां ती वारली.

आपल्या देशांतील न्यायालयांसमोरहि हा प्रश्न दोनदां महत्त्वाच्या रूपानें आला आहे. जावेद आबिदी हे स्वतः चाकांच्या खुर्चीवर असत. त्यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें १७ डिसेंबर १९९८ रोजीं निकाल दिला. अर्जांत अरुंद खुर्च्या व अँब्युलिफ्ट म्हणून ज्या उचलगाड्या असतात त्यांची मागणी होती, आणि अंधांप्रमाणें अस्थिव्यंग असलेल्यांनाहि भाड्यांत सवलत मिळावी अशीहि होती. ऐंशी टक्के वा अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्या वेळच्या सरकारी विमान कंपनीनें निम्म्या भाड्याची सवलत द्यावी, असें न्यायालयानें ठरविलें. सवलतीस मी नांवें ठेवीत नाहीं. आपल्या देशांत अपंगत्व आणि दारिद्र्य यांचा शेजार जुना आहे. तथापि ज्या विमानांत चढतां येत नाहीं, त्याचें भाडें निम्मे झालें म्हणून त्यांत चढतां येऊं लागत नाहीं. दुसरें प्रकरण जीजा घोष यांचें. सेरेब्रल पाल्सी हा विकार असलेल्या या बाई १९ फेब्रुवारी २०१२ रोजीं कोलकात्याहून गोव्यास निघाल्या होत्या, त्या समुद्र पाहावयास नव्हे. अपंगांच्या प्रश्नांवर भरलेल्या एका परिषदेसाठीं. आसनावर बसल्यानंतर त्यांना विमानांतून उतरविण्यांत आलें. १२ मे २०१६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांना दहा लाख रुपये भरपाई देवविली, आणि मानवी प्रतिष्ठेविषयीं निकालपत्रांत विस्तारानें लिहिलें. परिषद मात्र त्यांची साफ चुकली. भरपाईच्या कायद्याला या चुकलेल्या परिषदेचें मोल करतां येतें कीं नाहीं, याविषयीं मला शंका आहे. काम चुकणें म्हणजे केवळ एक दिवस फुकट जाणें नव्हे; पुढच्या वेळीं बोलावणाऱ्याच्या मनांत, "त्यांना उगाच त्रास कशाला?" असा एक दयाळू विचार येतो, आणि निमंत्रण दुसऱ्याच्या नांवें निघतें. माझ्या मित्राला तीन वर्षांपूर्वीं वरची जागा देऊं केली होती. प्रवास दुप्पट होता. त्यानें घरगुती कारण सांगून नाहीं म्हटलें, आणि सर्वांनीं तें लगेच मानलें.

या विषयांत आपण मध्यमवर्गीयांनींहि एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मुलगा अमेरिकेंत असतो, आईला इंग्रजी येत नाहीं, मध्यें कोठेंतरी विमान बदलावयाचें असतें. आई रोज सकाळीं पर्वती चढून येते. तरी तिच्यासाठीं आपण चाकांची खुर्ची मागवितों, कारण खुर्चीबरोबर ती ढकलणारा मनुष्य येतो व तो वाट दाखवितो. माझ्या स्वतःच्या मावशीसाठीं मीं हें केलें आहे. याला खोटेपणा म्हणावें काय? म्हणावें लागेल. पण तिची गरजहि खोटी नव्हती. तिला वाटाड्या पाहिजे होता, आणि विमानतळापाशीं देण्यासारखी एकच वस्तु होती, ती खुर्ची. खुर्च्या मात्र मोजक्याच असतात. फेब्रुवारी २०२४ मध्यें न्यूयॉर्कहून मुंबईस उतरलेल्या ऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांनीं स्वतःसाठीं व पत्नीसाठीं अशा दोन खुर्च्या आधींच सांगून ठेवल्या होत्या. मिळाली एक. तिच्यावर पत्नीला बसवून ते तिच्याबरोबर चालत निघाले, आणि पारपत्रें तपासण्याच्या जागेपाशीं कोसळले, ते गेलेच. विमान कंपनीला तीस लाख रुपयांचा दंड झाला. ती दुसरी खुर्ची त्या दिवशीं कोणाकडे होती, हें मला ठाऊक नाहीं. पण मावशीची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं.

गेल्या महिन्यांत माझा मित्र बंगळूरला जाऊन आला. रात्रीं त्याचा फोन आला. मीं बैठकीविषयीं विचारलें. पण त्याला बोलावयाचें होतें तें दुसऱ्याच गोष्टीविषयीं. त्या दिवशीं, कोण जाणे कसें, सारें वेळेवर झालें होतें. स्वतःच्या खुर्चीवरून त्याला दारापर्यंत जाऊं दिलें, अरुंद खुर्ची तयार होती, आणि उतरल्यावर त्याची खुर्ची गादीसकट दाराशीं उभी होती. कोणीं विशेष कांहीं बोललेंहि नाहीं. टॅक्सींत बसल्यावर त्याच्या ध्यानांत आलें, कीं सकाळपासून आपण कोणाचेच आभार मानलेले नाहींत.

"एकाचेहि नाहींत?" मीं विचारलें.

"नाहींत. उलट एक तक्रार करून आलों. विमानांत चहा विकत घेतला, तो कोमट निघाला."

"विमानांत? तूं चहा घेतलास?"

"अर्धाच कप," तो म्हणाला.